हयातीचा दाखला

(१९७५च्या जुन्या अकरावीच्या तुकडीने सांगलीत भरवलेल्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



‘आपल्या तुकडीची खबरबात’ सांगायचं काम संयोजकांनी माझ्यावर टाकलं आहे. कारण असं, की मी टपाल खात्यात ३९ वर्षं काढली. म्हणजे खबरबात पोचवायची सवय आहे, असा त्यांचा समज. तो समज कितपत खरा, ते पुढे सांगतो.

नावं मात्र घेणार नाही. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं, तर जेवणाच्या पंगतीत माझी धडगत नाही. म्हणून हजेरीपटातले नंबर सांगतो. ज्याचं त्याला कळेल, आणि बाकीच्यांनाही कळेल, कारण ते नंबर आपल्याला अजून पाठ आहेत. सर, हजेरी घेताना तुम्ही मान वर करत नव्हतात. नुसत्या आवाजावरून ओळखायचात. एकाच्या जागी दुसऱ्याने ‘हजर’ म्हटलं, की पट मिटायचा आणि छडी निघायची.

आपण ५२ जण होतो. मुलगे ३६, मुली १६. १९७५ साली आपण जुन्या अकरावीला बसलो आणि आपल्या मागची मुलं त्याच वर्षी नव्या दहावीला बसली. आपल्यापेक्षा एक वर्ष कमी शिकून ती आपल्या बरोबरीने एसएससी झाली, याचा तेव्हा किती राग आला होता! आता वाटतं, ते एक वर्ष आपल्याला शाळेत जास्त मिळालं.

शाळा सुटली आणि आपण पांगलो. आपल्यातल्या बहुतेकांची पुढची चाळीस वर्षं एकाच साच्यातली आहेत. नोकरी, लग्न, बदल्या, मुलांच्या शाळा, घराचं कर्ज, आईवडिलांची आजारपणं. मी टपाल कचेरीत बसून हजारो लोकांची पत्रं, मनीऑर्डरी, तारा इकडून तिकडे केल्या. ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून कित्येक पाकिटं परत पाठवली. पण माझ्या स्वतःच्या वहीत वर्गातल्या एकाचाही पत्ता नव्हता. सांगलीतच राहणारे चौघे दिसायचे. सायकलवरून हात करायचे, मी हात करायचो. तेवढंच.

२०१६ साली १२ नंबरने पुढाकार घेतला. हा एसटीत कंडक्टर होता, तेव्हा माणसं मोजून घ्यायची सवय. त्याने मुख्याध्यापकांची परवानगी काढून शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहिलं आणि ५२ नावांची यादी केली. मुलगे सापडायला चार महिने लागले. मुलींना दोन वर्षं लागली. कारण मुलींची सासरची आडनावं आपल्याला माहीत नव्हती. मग माहेरून सुरुवात केली. विश्रामबागेत एकीच्या भावाचं किराणा दुकान होतं. पांढऱ्या केसांचे आम्ही दोघे जाऊन म्हणालो, “तुमच्या बहिणीचा नंबर मिळेल का?” त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती १९७५ सालीच पाहायला हवी होती. पण नंबर दिला. वर चहाही दिला.

४४ नंबर सर्वांत शेवटी सापडली. तिचं आडनावच नव्हे, लग्नात नावही बदललेलं. मी फोन केला आणि शाळेतल्या नावाने विचारलं, “ही तूच का?” पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, “आई गेल्यापासून या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती.” हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्यावर परत येणार आहे.

सहाजण अजून सापडलेले नाहीत. बाकी सगळे व्हॉट्सअॅपच्या गटावर आले. पहिले सहा महिने काय आनंद होता! जुने फोटो, सहलीच्या आठवणी, कुणाची फुटलेली पाटी, कुणाच्या डब्यातलं लोणचं. मग हळूहळू काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी सूर्योदयाची चित्रं. गुडघेदुखीवर मेथीचे दाणे. निवडणूक आली की भांडणं. १८ आणि १९ नंबर इतके भांडले, की दोघेही गट सोडून गेले. शाळेत ज्यांनी एका बाकावर बसून एक कंपासपेटी वापरली, ते दोघे.

ऑगस्ट २०१९मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आपल्या गटावर पाण्याचे फोटो किती आले, मोजदाद नाही. तेच फोटो इकडून आले, तिकडून आले. पण गावभागातल्या ७ नंबरच्या घरात पाणी शिरलं आणि तो, त्याची बायको आणि ९० वर्षांची आई दोन दिवस वरच्या मजल्यावर बसून होती, हे आपल्याला पाणी ओसरल्यावर कळलं. त्याच्या फोनची बॅटरी संपली होती. आपण सगळे एकाच गटावर होतो. कुणी विचारलं नाही की अरे, सात नंबर कुठे आहे?

तेव्हाच आपण शहाणं व्हायला हवं होतं. झालो नाही.

आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जातं. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

माझा नंबर २३. २४ नंबर माझ्या मागचा, माझ्याच बाकावरचा. भूमितीची प्रमेयं त्याने मला समजावून दिली म्हणून मी पास झालो. तो डोंबिवलीला असायचा. बायको गेल्यानंतर मुलाकडे राहत होता. २०२२च्या पावसाळ्यात त्याचा वाढदिवस आला. सकाळी साडेसहापासून शुभेच्छा सुरू झाल्या. केक, फुलं, मेणबत्त्या, ‘जीवेत शरदः शतम्’. दुपारपर्यंत ३१ जणांनी शुभेच्छा दिल्या होत्या. मीही दिली. दुसऱ्या कुणाचं चित्र पुढे ढकललं, दोन सेकंदांत काम झालं.

चार वाजता त्याच्याच नंबरावरून मेसेज आला. त्याच्या सुनेने लिहिला होता. “बाबा १९ दिवसांपूर्वी गेले. फोन आज सुरू केला. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, माफ करा.”

माफी तिने मागितली. मागायची आपण होती.

१९ दिवस आपण एकाच गटावर होतो. त्याची सकाळची चित्रं थांबली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि माझ्या तर फोनमध्ये त्या आधीच्या आठवड्यातले त्याचे दोन मिस्ड कॉल होते. एकदा मी बँकेत रांगेत होतो, एकदा लग्नाच्या मांडवात. नंतर करू म्हटलं. त्याला काय सांगायचं होतं, मला माहीत नाही. सुनेलाही माहीत नाही. कदाचित काहीच नसेल, सहज केला असेल. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप वेळेवर पोचवल्याचा पगार घेतला, त्याने स्वतःला आलेला निरोप घेतला नाही, एवढं खरं.

त्या वर्षी नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला गेलो. आपल्यातल्या पेन्शनरांना हे ठाऊक आहे. दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत, हे सरकारला कळवावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. २०१४पासून ते डिजिटल झालं. आधार नंबर सांगायचा, मशीनवर बोट ठेवायचं. हल्ली तर पोस्टमन घरी येऊनही करून देतो. माझं बोट काही मशीनला पटेना. म्हातारपणी रेषा झिजतात. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “काका, पुसून पुन्हा ठेवा.” चौथ्यांदा ठेवलं तेव्हा जमलं. तो म्हणाला, “झालं, आता वर्षभर काळजी नाही.”

घरी येताना तेच डोक्यात घोळत राहिलं. सरकारला माझी हयात माहीत आहे. बँकेला माहीत आहे. मित्रांना मी हा दाखला कधी देतो? आणि त्यांचा कधी घेतो?

त्या रात्री मी १२ नंबरला फोन केला. तो म्हणाला, “सोपं आहे. सर करायचे तेच करायचं. हजेरी घ्यायची.”

तर मंडळी, आपल्या तुकडीची जी ‘रविवारची हजेरी’ तुम्ही ऐकून आहात, ती अशी सुरू झाली. दुसऱ्या तुकड्यांतले काहीजण आज मुद्दाम आले आहेत, त्यांच्यासाठी पद्धत सांगतो. दर रविवारी प्रत्येकाने हजेरीपटातल्या आपल्या पुढच्या नंबराला फोन करायचा. १ने २ला, २ने ३ला. ३६ हा शेवटचा मुलगा, त्याने ३७ला म्हणजे पहिल्या मुलीला. आणि ५२ने १ला. जो गेला, त्याला ओलांडून पुढच्याला.

नियम तीनच आहेत. पहिला, मेसेज नाही, फोन. आवाज ऐकू आला पाहिजे. आवाजावरून बरंच कळतं, सरांना विचारा. दुसरा, राजकारण नाही आणि उसनवारी नाही. तिसरा, फोन उचलला नाही तर संध्याकाळी पुन्हा करायचा. तेव्हाही नाही उचलला तर घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना करायचा. त्यासाठी प्रत्येकाने जवळच्या दोन माणसांचे नंबर १२ नंबरकडे देऊन ठेवले आहेत.

हिशेब सांगतो. ५२पैकी सहा सापडले नाहीत. नऊजण गेले. उरले ३७. तिघांनी ‘आम्हाला यात घेऊ नका’ म्हणून सांगितलं, त्यांची इच्छा. ३४ जणांची हजेरी चालू आहे. तीन वर्षं होत आली.

पहिल्या महिन्यात गंमत झाली. ३६ नंबरने ३७ला फोन करायचा होता. शाळेत मुलामुलींनी एकमेकांशी बोलायचं नाही असाच प्रघात होता, तेव्हा हे दोघे जन्मात कधी बोललेले नव्हते. ३६ नंबरने स्वतः फोन न लावता बायकोला लावून दिला. मग दोन्ही घरच्या बायकाच अर्धा तास बोलल्या. आता त्या दोघींचंच छान जमलं आहे आणि आपला ३६ नंबर शेवटी दोन मिनिटं ‘बरं आहे ना?’ विचारायला फोनवर येतो. चालेल. हजेरी लागली.

दुसरी गोष्ट १८ आणि १९ची. आडनावांच्या अनुक्रमाने दोघे लागोपाठ आलेले, त्याला कुणाचा इलाज नव्हता. १८ म्हणाला, “मी करणार नाही, मला वगळून पुढच्याला जोडा.” १२ नंबर म्हणाला, “तू मेलास तरच वगळता येतं, नियम आहे.” तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्याने केला. पावसावर बोलले. तीन मिनिटं. परवा १९च्या बायपासला रुग्णालयाबाहेर बाकावर रात्रभर कोण बसलं होतं, ते मी सांगत नाही. आज दोघे तिसऱ्या रांगेत शेजारी बसले आहेत, तुम्हीच बघा.

आता ३१ नंबर. ‘माझी फजिती सगळ्यांना सांग, म्हणजे कुणी फसणार नाही,’ असं त्यानेच मला बजावलं आहे. पुण्यात कोथरूडला एकटा राहतो, मुलगी परदेशी. गेल्या वर्षी एका शनिवारी त्याला व्हिडिओ कॉल आला. पोलिसांचा गणवेश, मागे झेंडा. तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, खोली सोडायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, सोमवारी बँक उघडली की ठेवी मोडून पैसे भरा. शिकलेला, साहेबाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. पण रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसून राहिला. रविवारी मोबाइल उचलेना, म्हणून ३० नंबरने संध्याकाळी घरच्या लँडलाइनला फोन केला. ३१ कुजबुजत म्हणाला, “मी बोलू शकत नाही.” ३० बँकेतून निवृत्त झालेला. त्याने ओळखलं. म्हणाला, “हे बघ, कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. फोन बंद कर, दार उघड, शेजारच्यांना हाक मार. मी लाइनवर आहे.” त्याच रात्री १९३०वर तक्रार केली. ठेवी वाचल्या. नंतर ३१ मला म्हणाला, “पैशाचं राहू दे. दोन दिवसांत माझ्या घरात ओळखीचा आवाज तेवढा एकच आला.”

बाकी खबर थोडक्यात. ८ नंबर तासगावला द्राक्षं पिकवतो. तो म्हणतो, तुम्ही निवृत्त, शेतकऱ्याला निवृत्ती कुठली? मागच्या दारी त्याने आणलेली बेदाण्याची पेटी आहे, तिच्यावर लक्ष ठेवा. २७ नंबर साठीनंतर तबला शिकला आणि आता नातवाला शिकवतो. ४० नंबर नर्सिंगमधून निवृत्त झाली. तिचा आपल्या सर्वांना एकच निरोप आहे. मेथीचे दाणे खा, पण आधी साखर तपासून घ्या. ७ नंबरची आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्याने घराच्या भिंतीवर २०१९च्या पाण्याची खूण अजून ठेवली आहे. शेजारी आता १२ नंबरचा फोन नंबरही लिहून ठेवला आहे.

आणि ४४ नंबर. तिच्या मुलीला विचारून सांगतो. गेल्या वर्षी ४३ नंबरच्या लक्षात आलं, की बोलताना ती एकच प्रश्न तीनतीनदा विचारते. “तुझी मुलगी कुठे असते गं?” पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एका रविवारी वाटलं सहज असेल. चार रविवार तसंच झालं, तेव्हा ४३ने घाबरत घाबरत तिच्या मुलीला फोन केला. लुडबुड वाटेल अशी भीती होती. मुलगी म्हणाली, “मावशी, मलाही शंका होती, पण मनाला समजावत होते.” डॉक्टरांना दाखवलं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. औषधं चालू आहेत. आता ४३ तिला रविवारची वाट न बघता रोज संध्याकाळी फोन करते.

हल्ली ४४ला घरातले तिच्या सासरच्या नावाने हाक मारतात, तेव्हा ती कधीकधी ओ देत नाही. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असं तिला वाटतं. पण शाळेतल्या नावाने हाक मारली, की लगेच मान वर करते. तिच्या मुलीने ते नाव आपल्याकडूनच शिकून घेतलं आणि आता घरात तीच हाक मारते. आज ती आली आहे. मघाशी बाईंनी दारात तिला त्या नावाने हाक मारली आणि ती “हजर, बाई” म्हणाली. आपण सगळ्यांनी ऐकलं.

मला विचाराल तर म्हातारपणी शाळेतले सोबती कशाला हवेत, त्याचं उत्तर मला यात मिळालं. मुलं आपल्याला आईबाप म्हणून ओळखतात. ऑफिसातले साहेब म्हणून, शेजारचे काका-काकू म्हणून. त्याआधीचे आपण कोण होतो, हे माहीत असणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत. ती बहुतेक याच खोलीत आहेत. त्यांनी एकमेकांची नोंद ठेवायची.

दोन विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली, दुसऱ्या तुकड्यांना. मेळावा भरवायला पैसा लागतो, मांडव लागतो. हजेरीला काही लागत नाही. आजच जेवणानंतर नंबर लावून घ्या. आणि ज्यांना घरचं कुणी नाही, त्यांच्या वहीत १४५६७ हाही नंबर लिहून ठेवा. ज्येष्ठांसाठी सरकारने चालवलेली ती मदतवाहिनी आहे. पण ती वाहिनी आपल्याला टोपणनावाने हाक मारणार नाही, हे ध्यानात असू द्या.

दुसरी विनंती सरांना आणि बाईंना. आमच्या या हजेरीत एक चूक राहिली. आम्ही आमचेच नंबर लावले. हजेरी घेणाऱ्याला नंबर नसतो, म्हणून तुम्ही राहिलात. तर आता ५२ने १ला फोन करण्याआधी बाईंना करायचा, आणि सरांना दर रविवारी १२ नंबर करेल. सर, तुम्ही फक्त ‘हजर’ म्हणायचं. आवाज आम्ही ओळखू.

माझ्या पुढचा नंबर आता २५ आहे. २४ला ओलांडून मला त्याच्याकडे जावं लागतं. तीन वर्षं होत आली, तरी दर रविवारी फोन हातात घेतला की माझं बोट आधी २४च्या नावावर जातं. मी ते नाव फोनमधून काढलेलं नाही.

२५ नंबर, तू मागे बसला आहेस ते मला दिसतंय. येत्या रविवारी दहा वाजता करतो. उचल.